बीथोव्हेनने सोडलेली जागा

कॉन्चेर्टो म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची मोठी रचना. बीथोव्हेनच्या डी मेजर व्हायोलिन कॉन्चेर्टोचा पहिला भाग ५३५ बारांचा, म्हणजे तालाच्या ५३५ छोट्या मापांचा, आहे. वाजवायला साधारण चोवीस-पंचवीस मिनिटं लागतात. तो संपायला पंचवीसेक बार उरलेले असताना सगळा वाद्यवृंद जोरात एका स्वरसंघावर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीवर, येतो आणि थांबतो. कागदावर त्या स्वरसंघाच्या डोक्यावर एक छोटी कमान आणि कमानीखाली ठिपका असतो. या खुणेला फर्माटा म्हणतात. अर्थ एवढाच की इथे थांबा, पुढचं व्हायोलिनवाला बघून घेईल. व्हायोलिनसाठी बीथोव्हेनने तिथे काहीही लिहून ठेवलेलं नाही.

आपल्याकडे गवयाने सुरेख ‘जागा’ घेतली असं म्हणतात. इथली जागा मात्र रिकाम्या प्लॉटसारखी आहे, मालकाने न बांधता सोडलेली. १८०६ पासून या प्लॉटवर कोणी काय बांधलं आणि त्यामुळे शेजारच्या घराचं काय झालं, हे या प्रकरणात बघायचं आहे. अशा मोकळ्या जागेत वादक एकट्याने जे वाजवतो त्याला कॅडेन्झा म्हणतात. माझं मत आधीच सांगतो. कॅडेन्झा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष बोटांच्या करामतीकडे जातं, आणि करामत असतेच. पण या कॉन्चेर्टोत कॅडेन्झा चांगली की वाईट याचा निकाल ती चालू असताना लागत नाही. ती संपल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत लागतो.

थांबायचं, पण कुठे

त्या काळच्या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागाचा साचा ठरलेला होता. आधी वाद्यवृंद मुख्य धुना मांडतो, मग एकल वादक येऊन त्याच धुना आपल्या पद्धतीने पुन्हा मांडतो. त्यानंतर विस्तार, म्हणजे धुनांचे तुकडे घेऊन दूरदूरच्या स्वरांवर फिरणं. मग पुनर्मांडणी, म्हणजे सगळं आपल्या मूळ षड्जावर परत येणं. कॅडेन्झाची जागा या पुनर्मांडणीच्या शेपटाशी असते.

फर्माटाखालचा तो स्वरसंघ नीट ऐकण्यासारखा आहे. डी हा षड्ज धरला तर त्यात षड्ज, गंधार आणि पंचम हेच स्वर आहेत, म्हणजे घरचेच. फक्त बुडाशी षड्ज नाही, पंचम आहे. त्यामुळे घर दिसतं पण पाय अजून उंबऱ्यावर. पाश्चात्त्य संगीताच्या व्याकरणात या स्वरसंघाने पुढे पंचमाच्या स्वरसंघात उतरायचं आणि तिथून षड्जावर यायचं, हा नियमच आहे. कॅडेन्झा या दोन पावलांच्या मधे शिरते. ‘कॅडेन्झा’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थही तोच, वाक्य संपताना आवाज खाली येतो तसं उतरणं.

मराठीत हे समजावणं सोपं आहे, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘काल संध्याकाळी मी भर पावसात, छत्री नसताना, त्या पुलावरून...’ एवढं बोलून कोणी थांबलं तर ऐकणारा खोळंबून बसतो. मधे कितीही तपशील भरा, तो ऐकेल, कारण क्रियापद यायचं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कॅडेन्झा म्हणजे क्रियापद रोखून धरून केलेलं बोलणं. चार मिनिटं चालली तरी व्याकरणाच्या दृष्टीने ती एका अपुऱ्या वाक्याच्या पोटातच असते. शेवटी वादक लांब ट्रिल घेतो, म्हणजे शेजारचे दोन स्वर झरझर आलटूनपालटून वाजवतो. संचालक हात उचलतो आणि वाद्यवृंद वाक्य पुरं करतो.

तिहाई कानावर आली की तबलजी समेसाठी सावरून बसतो, तसंच ट्रिलचं काम. साम्य मात्र इथवरच. तिहाई तालात बांधलेली असते, खालचा ठेका तुटत नाही. कॅडेन्झात ठेकाच नाहीसा होतो. मला तिच्यात संगीत नाटक जास्त दिसतं. कथानक जागच्या जागी थिजलेलं, नट पद आळवतोय, समोरून वन्समोअर येतायत, आणि बाजूला उभं असलेलं पात्र आपल्या पुढच्या वाक्याची वाट बघतंय. पद संपून नाटक पुन्हा सुरू होतं तो सांधा किती जणांना जमायचा?

चार ठोके आणि राखून ठेवलेली धून

हा कॉन्चेर्टो नगाऱ्यांनी उघडतो. टिंपनीवर षड्जाचे हळू आवाजातले चार ठोके, पाचव्याला लाकडी सुषिर वाद्यं धून सुरू करतात. ठोके म्हणजे नुसती लय देणं आहे असं वाटत असतानाच दहाव्या बारात व्हायोलिनं तेच चार ठोके एका परक्या स्वरावर देतात. डी शार्प. आपल्या भाषेत कोमल रिषभ. खाली आधाराला कोणी नाही. डी मेजरच्या स्वच्छ उजेडात हा स्वर कुठून आला, हे बीथोव्हेन तेव्हा सांगत नाही. पण त्यानंतर ते चार ठोके कानातून जात नाहीत. पुढे वीस मिनिटं ते कधी तंतुवाद्यांत, कधी पितळी वाद्यांत डोकं वर काढत राहतात.

दुसरी धून अगदी साधी आहे. पायरी-पायरीने चालणारी, पहिल्याच ऐकण्यात गुणगुणता येईल अशी. आणि इथे बीथोव्हेनने मोठी खोडी केली आहे. ही धून सगळ्यांना मिळते, एकल व्हायोलिन सोडून. क्लॅरिनेट वाजवतात तेव्हा व्हायोलिन वर ट्रिल धरून असतं. तंतुवाद्यं तीच धून मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या उदास रंगात, घेतात तेव्हा व्हायोलिन भोवती वेलबुट्टी काढत असतं. तुकडा हाती लागतो, सबंध धून नाही. मुख्य कलाकाराला मुख्य गाणं द्यायचंच नाही, असा हा खेळ फर्माटापर्यंत चालतो.

फर्माटानंतर कॅडेन्झा. आणि तिच्या ट्रिलनंतर वाद्यवृंद धडाक्याने येत नाही, जसा तो इतर बहुतेक कॉन्चेर्टोंत येतो. तंतुवाद्यं फक्त बोटांनी तार छेडत राहतात, आणि त्यावर एकल व्हायोलिन आपल्या खालच्या, खर्जातल्या तारांवर ती दुसरी धून पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत गातं. काही नक्षी नाही. मग बासून हे खर्जातलं सुषिर वाद्य हलकेच साथीला येतं, आवाज चढतो आणि भाग संपतो.

म्हणजे मोकळ्या जागेच्या अलीकडे सगळ्या वाद्यवृंदाचा गडगडाट आहे आणि पलीकडे ही कुजबुज. मधला पूल दुसऱ्याने बांधायचा. पुलावर फार रोषणाई केली तर पलीकडचं दिवा लावलेलं झोपडं दिसतच नाही. मी कॅडेन्झांची तुलना करताना याच सांध्याशी कान लावतो.

२३ डिसेंबर १८०६

पहिला प्रयोग व्हिएन्नाच्या थेआटर आन डेर वीनमध्ये झाला. फ्रान्झ क्लेमेंट हा तिथला प्रमुख व्हायोलिनवादक, आणि तो कार्यक्रमही त्याच्याच मदतीसाठी होता. बीथोव्हेनने हस्तलिखितावर त्याच्या नावाशी ‘क्लेमेन्झा’, म्हणजे दया, या शब्दाची कोटी केली आहे. काम घाईत झालं होतं. क्लेमेंटला तालमीला जेमतेम वेळ मिळाला, असं पूर्वापार सांगितलं जातं. त्याच कार्यक्रमात त्याने व्हायोलिन उलटं धरून स्वतःची एक रचनाही वाजवली. कॉन्चेर्टोच्या दोन भागांच्या मधेच वाजवली अशी चविष्ट कथा पुढे चिकटली, पण कार्यक्रमपत्रिकेत ती करामत शेवटाकडे आहे.

तरी या उलट्या व्हायोलिनवरून आपल्याला एक गोष्ट कळते. ज्या श्रोत्यांसमोर ही रचना आली त्यांना करामत बघायची सवय होती, आणि फर्माटाखाली क्लेमेंटने जे वाजवलं त्यात त्यांची हौस भागवली गेली असणारच. मात्र त्याने लिहून ठेवलेलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. कॅडेन्झा तेव्हा सहसा लिहून ठेवायची गोष्ट नव्हती. एका समीक्षकाने पुढच्या महिन्यात लिहिलं त्याचा आशय असा की रचनेत सौंदर्यस्थळं आहेत, पण धागा वारंवार तुटल्यासारखा वाटतो आणि सामान्य तुकड्यांची पुनरावृत्ती कंटाळवाणी होते. ‘सामान्य तुकडे’ म्हणजे बहुधा आपले चार ठोके! पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हा कॉन्चेर्टो क्वचितच कोणी वाजवला. पॅरिसला १८२८ मध्ये बाय्यो, व्हिएन्नात १८३४ मध्ये कोवळा व्ह्यूताँ, असे मोजके प्रयोग.

मालकाने बांधलं, पण दुसऱ्याच प्लॉटवर

१८०७ मध्ये पियानोवादक आणि प्रकाशक म्युझियो क्लेमेंटी व्हिएन्नाला आला असताना त्याने या कॉन्चेर्टोची पियानोसाठीची आवृत्ती मागितली. (क्लेमेंट आणि क्लेमेंटी ही दोन वेगळी माणसं. गोंधळ सगळ्यांचा होतो.) बीथोव्हेनने ती करून दिली. पियानोच्या उजव्या हाताला बरंचसं व्हायोलिनचंच काम आहे आणि डाव्याला फारसं काही नाही, त्यामुळे ती आवृत्ती आज क्वचितच ऐकू येते. पण साधारण १८०९ च्या सुमारास बीथोव्हेनने या पियानो आवृत्तीसाठी कॅडेन्झा स्वतः लिहिली. व्हायोलिनसाठी जी जागा रिकामी ठेवली, ती पियानोसाठी भरली.

आणि भरली ती कशी! कॅडेन्झा म्हणजे एकट्याने वाजवायचं, हा संकेतच त्याने मोडला. पियानो वाजतोय आणि मधेच टिंपनी आत येते, सुरुवातीचे चार ठोके घेऊन. मग एक छोटं लष्करी कूच निघतं, त्यावर ‘मार्चिया’ असं लिहिलेलंही आहे. वीस मिनिटं जो प्रश्न हवेत लोंबकळत होता, हे ठोके म्हणजे नेमकं काय, त्याचं त्याने इथे जवळपास थट्टेत उत्तर दिलं: नगारा आहे, तर मग पलटणही आहे.

या उत्तरातला विचार मला मोठा वाटतो, चव थोडी खटकते. कूच गमतीदार आहे, पण त्यानंतर येणाऱ्या त्या खर्जातल्या धुनेशी त्याचं नातं काय? वरातीच्या बँडनंतर अंगाई. कदाचित त्याला हाच धक्का हवा होता.

त्याच सुमारास बीथोव्हेन या मोकळ्या जागांचा बंदोबस्तच करायला निघाला होता. आधीच्या पियानो कॉन्चेर्टोंसाठी त्याने कॅडेन्झा लिहून ठेवल्या. मोझार्टच्या डी मायनर पियानो कॉन्चेर्टोसाठीसुद्धा लिहिली, कारण मोझार्टची स्वतःची शिल्लक नव्हती. आणि १८०९ मधल्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत, फर्माटा येतो त्याच जागी, त्याने इटालियनमध्ये सूचना लिहिली की इथे कॅडेन्झा करायची नाही, लगेच पुढचं सुरू करायचं. पुढचं म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला, कॅडेन्झासारखाच भासणारा तुकडा. वादकाच्या हातातली किल्ली त्याने काढून घेतली. व्हायोलिन कॉन्चेर्टोची किल्ली मात्र वादकाकडेच राहून गेली. ती त्याने मुद्दाम ठेवली की व्हायोलिनवादक नसल्यामुळे हात घातला नाही, यावर वाद घालता येईल. मला दुसरं कारण जास्त पटतं.

१८४४ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

२७ मे १८४४ रोजी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या मैफलीत योझेफ योआखिमने हा कॉन्चेर्टो वाजवला. तेरा वर्षं पूर्ण व्हायला महिना होता. म्हणजे वय बारा. लहान मुलांना मंचावर आणायचं नाही असा त्या संस्थेचा रिवाज होता, तो त्याच्यासाठी बाजूला ठेवला गेला. संचालक होता फेलिक्स मेंडेल्सोन. कॅडेन्झा योआखिमच्या स्वतःच्या. या मैफलीपासून हा कॉन्चेर्टो जो वर आला तो पुन्हा खाली गेला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात मेंडेल्सोनने आपला ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो पुरा केला. कल्पना सहा वर्षं जुनी होती, त्यामुळे मे महिन्यातल्या त्या संध्याकाळीमुळे तो सुचला असं म्हणता येणार नाही. पण बीथोव्हेनच्या मोकळ्या जागेपुढे संचालकाची छडी खाली धरून उभा राहिलेला माणूस घरी जाऊन स्वतःच्या रचनेत त्याच जागेचं काय करतो, हे बघणं मजेचं आहे.

मेंडेल्सोनने कॅडेन्झा पूर्ण लिहून दिली, आणि ती शेवटून उचलून मधे आणली. विस्तार संपतो आणि पुनर्मांडणी सुरू होते, त्या दोहोंच्या सांध्यावर. व्हायोलिन चारही तारांवर गज उसळवत स्वरसंघ फोडत राहतं. ते अजून थांबलेलं नसतानाच त्याच्या खालून वाद्यवृंद मुख्य धून घेऊन अलगद आत येतो. जो आतापर्यंत नायक होता तो न कळत साथीदार झालेला असतो. ट्रिल नाही, थांबणं नाही. नाटक कुठे थांबलं आणि कुठे सुरू झालं ते प्रेक्षकाला दाखवता येणार नाही. १३ मार्च १८४५ रोजी लाइपझिगला फर्डिनांड डाव्हिडने ते पहिल्यांदा वाजवलं. व्हायोलिनच्या बाजूने लिहिताना मेंडेल्सोनने डाव्हिडचा सल्ला वेळोवेळी घेतला होता.

रचनेच्या दृष्टीने बघितलं तर सांध्याचा प्रश्न इथे सुटला. पण त्याची किंमतही मोजली गेली. मोकळी जागा उरलीच नाही. त्या शतकात पुढे शुमान, चायकोव्हस्की यांनीही कॅडेन्झा स्वतः लिहून कॉन्चेर्टोत बसवल्या. ब्राम्सने १ जानेवारी १८७९ रोजी पहिल्यांदा वाजलेल्या आपल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत जुन्या पद्धतीने जागा सोडली, पण ती कोणासाठी सोडली? योआखिमसाठी. मित्राच्या हातात किल्ली देणं वेगळं आणि अनोळखी माणसाला वेगळं.

क्राइस्लरचा मार्ग

बीथोव्हेनच्या जागेवर आज सर्वांत जास्त ऐकू येते ती व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइस्लरची कॅडेन्झा. लिओ ब्लेखच्या संचालनाखाली बर्लिनमध्ये १९२६ साली त्याने स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण आजही मिळतं. या कॅडेन्झाची लोकप्रियता मला अजिबात अवघड कोडं वाटत नाही. शेवटाकडे क्राइस्लर पहिली धून आणि दुसरी धून एकाच वेळी, एकाच व्हायोलिनच्या वेगवेगळ्या तारांवर वाजवायला लावतो. वीस मिनिटं ज्या दोघी वेगवेगळ्या खोल्यांत वावरत होत्या त्या एका उंबऱ्यावर भेटतात.

कसब म्हणून हे थक्क करणारं आहे. पण माझी एक तक्रार आहे. ती दुसरी धून बीथोव्हेनने एकल व्हायोलिनला मिळू दिली नव्हती, कॅडेन्झानंतर मिळावी म्हणून. क्राइस्लर ती आधीच वाढून टाकतो, भरल्या ताटात. मग खरा क्षण येतो तेव्हा भूक थोडी मेलेली असते. ही तक्रार मी मित्रांना सांगतो तेव्हा ते म्हणतात, तू फार मोजून ऐकतोस. असेल. चांगल्या हातात क्राइस्लरची कॅडेन्झा ऐकताना मीही मोजायचं विसरतो.

योआखिमच्या छापील कॅडेन्झा यापुढे जरा कोरड्या वाटतात, शाळेतल्या हुशार मुलासारख्या. सांधा मात्र त्या नीट सांभाळतात.

नगारा परत येतो

१९६२ मध्ये व्हायोलिनवादक वोल्फगांग श्नाइडरहानने संचालक ऑयगेन योखुमसोबत हा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला तेव्हा त्याने एक सरळ प्रश्न विचारला: बीथोव्हेनने पियानोसाठी लिहून ठेवलीच आहे, तर तीच व्हायोलिनवर का नको? त्याने ती व्हायोलिनसाठी उतरवली, टिंपनीसकट. सुरुवातीचा नगारा शेवटाशी परत आला. दहा बोटांचं काम एका गजावर आणताना अंगाला ते तंग बसतं, पण एक वर्तुळ पुरं होतं हे नाकारता येत नाही. त्यानंतर बऱ्याच वादकांनी ही वाट धरली.

संगीतकार आल्फ्रेड श्निटकेने १९७० च्या दशकात लिहिलेली आणि व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमरने वाजवलेली कॅडेन्झा याच्या अगदी उलट्या टोकाची. तिच्यात ब्राम्स येतो, बर्ग येतो, बार्टोक आणि शोस्ताकोविचही येतात. बीथोव्हेननंतरच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्या मुळाशी तेच चार ठोके असल्याचं कानाला जाणवतं. क्रेमरने ती १९८० च्या सुमारास संचालक नेव्हिल मॅरिनरसोबत ध्वनिमुद्रित केली आणि पुष्कळ जण चिडले. १८०६ च्या घरात विसाव्या शतकातले पाहुणे कशाला? पण त्या जागेचा मूळ करार वाचला तर वादकाने आपल्या काळातलं बोलावं हेच अपेक्षित होतं. क्लेमेंटने १८०६ मध्ये १८०६ चंच वाजवलं असणार. १७५० च्या चालीचं नव्हे. त्या हिशेबाने क्राइस्लरची पन्नासावी आवृत्ती वाजवणाऱ्यांपेक्षा श्निटके परंपरेला जास्त धरून आहे.

मी ही मुद्रणं एकामागोमाग ऐकली, प्रत्येक वेळी वाद्यवृंदाच्या शेवटच्या गडगडाटापासून भाग संपेपर्यंत. श्निटकेनंतर ती खर्जातली धून सुरू झाली तेव्हा जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. चार मिनिटांच्या कल्लोळानंतर, दीडशे वर्षं धावून आल्यावर, ती साधी चाल इतकी जुनी आणि इतकी दूरची वाटली की मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो. क्राइस्लरनंतर ती गोड लागते. श्निटकेनंतर ती परत सापडल्यासारखी वाटते.

क्रेमर तिथेही थांबला नाही. १९९२ मध्ये संचालक निकोलाउस आर्नोनकूरसोबत त्याने हा कॉन्चेर्टो पुन्हा ध्वनिमुद्रित केला, आणि या वेळी श्निटकेला नमस्कार करून बीथोव्हेनच्या पियानो कॅडेन्झाकडे वळला. ती व्हायोलिनवर उतरवताना त्याने पियानोला घालवून दिलं नाही. फर्माटा येतो, व्हायोलिन, नगारा, आणि व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या ऐन मध्यात कुठूनतरी खराखुरा पियानो. मग ट्रिल. मग बोटांनी छेडलेल्या तारा.